पाठकोऱ्या कागदावरचं उत्तर

साळवेकाकांना मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यातल्या खाटेवर, आणि तेव्हाही प्रश्न तेच विचारत होते. सलाईनच्या बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, म्हणाले. चष्मा आणला नाही म्हटलं तर स्वतःचा काढून दिला. मी अडखळत वाचलं. "अच्छा, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी!" असं म्हणून त्यांनी कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा केला. मग मी निघाले, तेव्हा तोच प्रश्न, गेली वीस-पंचवीस वर्षं अधूनमधून विचारत आले तो... "सुनंदाताई, तुम्ही शाळा का सोडलीत, ते सांगायचं राहिलंच." मी नेहमीसारखंच म्हटलं, "पुढच्या वेळी सांगते, काका." चार दिवसांनी सकाळी कणीक मळताना त्यांच्या मुलीचा, निर्मलाताईंचा फोन आला. पप्पा गेले, एवढंच त्या म्हणाल्या. मी कणकेवर ताट झाकलं आणि खाली बसले. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता पुढची वेळ नाही.

काका नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. जन्म दिल्लीतल्या सरकारी कचेरीत फायली लिहिण्यात गेला. रिटायर झाल्यावर दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेला सोसायटीत फ्लॅट मिळाला, तेव्हा तिथे अर्ध्या इमारतींना रंगसुद्धा लागला नव्हता. पाण्याचा टँकर आला की माणसं गप्पा अर्ध्यावर टाकून धावायची, आणि रिक्षावाले द्वारकेचं नाव काढलं की मान फिरवायचे. मी साताऱ्याकडची. आमचे हे कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आणि मी सोसायटीतल्या तीन मराठी घरांत पोळ्या करत असे. काकांची बायको वारलेली, त्यामुळे त्यांच्या चार पोळ्या शेवटी, निवांत. ते टेबलाशी बसून बोलत, म्हणजे विचारत. पोळी फुगते ती आतून कशाने? तुमच्याकडे बाजरीला मीठ घालतात का? तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलं, शाळा कुठवर? मी म्हटलं, सातवी. का सोडली? मी म्हटलं, असंच. त्यांनी मान हलवली. पण "असंच" हे उत्तर त्यांनी मंजूर केलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

त्यांच्या टेबलाच्या खणात पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे असत. जुनी परिपत्रकं, बिलं, लग्नपत्रिकासुद्धा, सुतळीने बांधलेल्या. सोसायटीतलं कुणी ना कुणी अर्ज लिहून घ्यायला यायचं, गॅसचा, टेलिफोनचा, पेन्शनचा. काका लगेच अर्ज लिहीत नसत. एक पाठकोरा कागद आणि पेन्सिल समोर सरकवून म्हणायचे, "आधी त्यांचं उत्तर लिहा." म्हणजे तुम्ही अर्ज केलात, तो साहेबाच्या टेबलावर गेला, आता साहेब तुम्हाला काय कळवेल, ते तुम्हीच त्याच्या खुर्चीत बसून लिहायचं. माणसं चिडायची. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "साळवे, मी तक्रार करायला आलोय का नोकरी करायला?" काका म्हणाले, "दोन्ही करा, यार. पगार मात्र एकाचाही मिळणार नाही."

आमची अश्विनी पाचवीत होती ते वर्ष. सहावीपासून घेणारी एक नावाजलेली शाळा होती, सगळा प्रवेश परीक्षेवर. तिथे गेलं की पोराचं भलं झालं, असं तीनही घरांत मी ऐकत होते. फॉर्म मीच आणला, मीच भरला. ह्यांना वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हाताने भरायचा होता. परीक्षेनंतर यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. हे म्हणाले, अभ्यासच नव्हता, दिवसभर सायकल. मग स्वतःच म्हणाले, गेस्ट हाउसवर एक आमदार उतरलेत, त्यांच्या सेक्रेटरीला बोलतो, दिल्लीत सिफारिशीशिवाय पान हलत नाही. तळमजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी, ज्यांच्या मुलाचं नाव आदल्या वर्षी यादीत होतं, मला समजावून सांगू लागल्या, "निकालाविरुद्ध अर्ज करू नकोस गं. मूल त्यांच्या डोळ्यावर येतं. आणि निकाल तो निकाल." हे शेवटचं वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी पोळ्या लाटत राहिले. अश्विनीचं नाव का नाही, हे आमच्या घरात मला एकटीला माहीत होतं.

आठव्या दिवशी मी अश्विनीला घेऊन काकांकडे गेले. म्हटलं, अर्ज लिहून द्या, मार्क मोजायला चुकलेत, पेपर पुन्हा तपासा. काकांनी कागद सरकवला. "आधी त्यांचं उत्तर." माझं अक्षर वाईट, तरी लिहिलं... उत्तरपत्रिका पुन्हा तपासली, गुण बरोबर आहेत. काका म्हणाले, "बिल्कुल. हेच येणार. मग आता आपण काय म्हणायचं?" मी पेन्सिल खाली ठेवली. तेव्हा ते अश्विनीकडे वळले. धीर द्यायला नव्हे, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "काय गं, पेपरात नवीन काय भेटलं?"

"सगळंच," अश्विनी म्हणाली. "मराठीत होता ना पेपर. काटकोन म्हणजे काय? और वो लसावि? मी सरांना बोलले, हिंदीवाला द्या, तर ते बोलले फॉर्ममध्ये यही लिखा है."

"अच्छा," काका म्हणाले. "आणि शाळेत तू कशात शिकतेस?"

"हिंदीत."

ते पुढे काही विचारणार नव्हते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, पेन्सिलीला टोक करत बसले. त्यांनी पाहिलं असतं तर मी कदाचित खोटं बोलले असते. "फॉर्म मी भरला," मी म्हटलं. "माध्यम विचारलं होतं. खाली भाषांची यादी होती, तिच्यात मराठी दिसली. इतकं बरं वाटलं, काका... एवढ्या दूर, दिल्लीत, सरकारी कागदावर आपली भाषा. घरात आम्ही मराठीच बोलतो. मी खूण केली." घरातली मराठी भाजी-आमटीची, रुसव्याफुगव्याची. गणिताची मराठी माझ्या पोरीला कुणी शिकवलीच नव्हती, हे मला सुचलंच नाही.

काकांनी दुसरा पाठकोरा कागद दिला. "आता पुन्हा उत्तर लिहा." मी लिहिलं, आपल्या पाल्याचे माध्यम पालकांनी स्वतः निवडले होते, त्यांची सही अर्जावर आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही, खेद आहे. काकांनी तेवढा एक 'सबब' सुचवला, बाकी सगळं माझं. मोठ्याने वाचा, म्हणाले. मी 'पालकांनी स्वतः'पर्यंत वाचलं. अश्विनी खुर्चीवर पाय हलवत होती, ती थांबली. "आई, तू लिहिलंस? मला वाटलं मीच बुद्धू." मग माझीच समजूत काढल्यासारखं, "पण तुला वाटलं ना मला येईल."

अर्ज गेला तो खरा गेला. चूक आईची आहे, मुलीची नाही, हिंदीतून एकदा परीक्षा घ्यावी. त्या रात्री मी ह्यांनाही सांगितलं. त्यांनी सिफारिशीचं नाव पुन्हा काढलं नाही. महिन्याभराने उत्तर आलं, नकार. मी ते काकांपुढे ठेवलं तर त्यांनी आमचा पाठकोरा कागद काढून शेजारी लावला, आणि पेन्सिलीने एकेक ओळ ताडून पाहायला लागले. "बघा बघा, सुनंदाताई! सही आहे, सबब आहे... खेद मात्र त्यांनी दोनदा लिहिलाय. आपण एकदाच लिहिला होता." मी रडत होते, त्यातच मला हसू आलं. अश्विनी मग सेक्टरातल्याच सरकारी शाळेत गेली. दोन वर्षं दुपारी काकांच्या टेबलाशी बसून तिने मराठीतले गणिताचे शब्द लिहून काढले. कशासाठी, असं ह्यांनी विचारलं, तर काका म्हणाले, "मला माहीत नव्हते ना सगळे!" आज ती एका कंपनीत हिशेबनीस आहे. त्या नावाजलेल्या शाळेत गेली असती तर काय झाली असती, हे मी अजूनही कधीकधी मनात घोळवते. काकांच्या उपकारांनी ते थांबलं नाही. पण पोरीच्या नावावरची चूक माझ्या नावावर आली, एवढं झालं, आणि तेवढ्याने मला झोप लागायला लागली.

दफनविधीनंतर निर्मलाताईंनी फ्लॅट आवरायला घेतला. हवं ते घेऊन जा, म्हणाल्या. मी तो खण रिकामा करून आणला, सुतळीसकट. हा लेख लिहून झाला तेव्हा सवयीने त्यातला एक कागद ओढला, पाठवण्याआधी काकांचं उत्तर लिहायला. त्यांच्या खुर्चीत बसून मी लिहिलं... लेख वाचला. आमच्याविषयी बरंच आहे. शाळा का सोडली, त्याचा खुलासा मात्र यातही नाही. तो करावा.

तर करते. सातवीची परीक्षा तेव्हा तालुक्याला व्हायची. निकाल शाळेच्या भिंतीवर लागला, त्यात माझं नाव नव्हतं. गणितात राहिले, असं सांगितलं. मी दहाच्या दहा गणितं सोडवली होती. वडिलांनी यादी दोनदा वाचली, मास्तरांना नमस्कार केला, आणि सायकल वळवत म्हणाले, निकाल तो निकाल. कुणी पेपर दाखवा म्हणालं नाही. मी मागे कॅरियरवर बसले होते, मीही म्हणाले नाही. जूनमध्ये मला पाठवलं नाही. झालं. एवढंच सांगायला मी त्या माणसाला पंचवीस वर्षं थांबवलं.

यावर काका गप्प बसले नसते. वाईट झालं वगैरे म्हणाले नसते. पुढे वाकून म्हणाले असते, "अच्छा! त्या दहांतलं एखादं आठवतं का?" एक आठवतं, काका. एका हौदाला दोन नळ. एक चार तासांत हौद भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो. दोन्ही एकदम सोडले, तर हौद कधी भरेल? त्याच कागदावर, तुमच्या उत्तराखाली, मी ते आज पुन्हा सोडवलं. छेद बारा केला, वजाबाकी केली. बारा तास आले.

तेव्हाही मी बाराच लिहिलं होतं.