गोड्या पाण्याची हुग्गी

गहू पुरता शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, ही हुग्गीची पहिली अट. घाई करून गूळ आधी पडला की गहू असा आखडतो की मग दिवसभर चुलीवर ठेवा, मऊ व्हायचं नाव घेत नाही. माझी आई उमरीची. तिच्या माहेरी याला नुसती गव्हाची खीर म्हणायचे आणि तीही क्वचित करायचे. हुग्गी ती निलंग्याकडच्या सासरी शिकली, माझ्या आजीच्या हाताखाली. इतकी पक्की शिकली की अजूनही कुठल्या लग्नात हुग्गी वाढली की मी आधी एक दाणा दाताखाली धरून बघते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात नापास करते.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली. गावात नव्या पाट्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. दुष्काळ होता आणि नळ कोरडे पडले होते. घरमालकाच्या बोअरला पाणी होतं, पण जड. अंघोळीला, भांड्यांना ठीक. डाळ त्यात जन्मात शिजायची नाही. प्यायला आणि रांधायला टँकरचं गोडं पाणी, ते तांब्याच्या हंड्यात झाकून ठेवलेलं असे.

आजी गेल्यापासून आजोबा खेड्यात एकटेच होते. विहीर आटलेली, तोंडात एक दात नाही, शेजारीण देईल ती भाकरी कुस्करून खायचे. त्यांना आपल्याकडे आणून ठेवायचं, असं आईनं मनाशी घेतलं होतं. किती निरोप धाडले, पण म्हातारा ऐकेना. शेवटी एका रविवारी यायला कबूल झाले, तेही नातवंडांना बघायला. संध्याकाळच्या एसटीनं परत जाणार, ही बोली आधीच.

"एकदा पोटभर हुग्गी खाऊ द्या, मग बघते कसे जातात ते," आई म्हणाली.

आदल्या दिवशी तिनं खपली गहू ओलसर करून उखळात कांडले. मुसळ असं बेतानं पडत होतं की साल सुटावी पण दाणा अख्खा राहावा. मग सूप हाती घेतलं. कोंडा पुढं उडत होता आणि गहू सगळे तिच्याकडे गोळा होत होते. तिच्यासारखं पाखडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मुलगी आहे म्हणून बोलते असं कुणाला वाटलं, तर खुशाल वाटू दे.

रविवारी पहाटे ती टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. इकडे अण्णांना मदत करायची हुक्की आली. त्या काळात चुलीपाशी बसणारा नवरा शोधून सापडला नसता, तेव्हा त्यांचं कौतुक करायलाच हवं. पण प्यायचं पाणी वाचवावं म्हणून त्यांनी पातेल्यात बोअरचं पाणी ओतलं, त्यात गहू टाकले आणि चूल पेटवली. टँकर काही आला नाही. आई रिकामी घागर घेऊन परतली तेव्हा पातेलं कधीचं खळखळत होतं. तिनं एक दाणा उचलून बोटांत चेपला. तो चेपेना.

"कोणतं पाणी घातलं हो?"

"बोअरचं. प्यायचं कशाला घालवायचं?" अण्णा अभिमानानं म्हणाले.

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण आईनं आवाज चढवला नाही. गहू उपसले, ते पाणी भांडी घासायला बाजूला ठेवलं आणि पाट्यापाशी बसून एकेक मूठ जाडसर वाटायला घेतली. घाम निथळत होता. सगळं वाटून झाल्यावर उठली, हंड्यावरचं झाकण काढलं आणि गोडं पाणी होतं तेवढं पातेल्यात ओतलं. गहू लोण्यासारखा झाल्यावरच गूळ पडला. मग सुंठ, बडीशेप, खसखस, खोबऱ्याचे काप. घरभर वास सुटला.

आजोबा दुपारी आले. वाटीत हुग्गी, वर गरम दूध, तुपाची धार. त्यांनी पहिला घास जिभेनं टाळूला दाबला आणि वाटी संपवली. पुन्हा घेतली. पुन्हा एकदा घेतली.

"बरी झालीय," ते म्हणाले. आजीलाही त्यांनी यापेक्षा वरचा शेरा कधी दिला नव्हता. आईचा चेहरा असा उजळला की मला तिचा हेवा वाटला.

मग ते पाणी प्यायला स्वतःच उठले. हंड्यात तांब्या घातला आणि तो बुडाला जाऊन आपटला. अण्णांनी मान खाली घालून सगळी हकिगत सांगितली.

"प्यायचं पाणी माझ्या हुग्गीत घातलंस व्हय पोरी?" आजोबा भिंतीला टेकून खाली बसले. "म्हणून तर मी येत न्हवतो. तुमालाच पुरंना, त्यात आजून एक तोंड कशाला? तुमाला वाटलं, म्हातारा लई हट्टी हाय."

आम्हा सगळ्यांना तेच वाटलं होतं. मला रडू आलं.

आई मात्र पदर खोचून सासऱ्यांसमोर बसली. "मामा, पाणी मिळतंय की. रांगंत हुबं ऱ्हायला मानूस न्हाई आमच्यात. ह्यांना कचेरी, पोरांना शाळा, मला चूल. तुमी गेल्यावर टँकरपाशी घागर कोण लावणार?"

पहाटेपासून स्वतः रांगेत ताटकळून आलेली बाई हे बोलत होती, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. आजोबांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या घागरीकडे बघितलं.

"परत कवा येतंय टँकर?"

"सांजच्याला येतंय म्हणत्यात."

एसटीची वेळ झाली होती. अण्णा पिशवी घेऊन दारात उभे होते. आजोबांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि घागर उचलून बाहेर पडले.