दांड्याच्या दोन टोकांवर

एल्झी स्टॉलवर्थला परसातल्या जनावरांचा आताशा रागही येत नसे. रागावायला लागणारी ताकद संपली होती. कवचाच्या पाठीचा आर्माडिलो रात्रीतून अंगणभर खड्डे पाडून जायचा. हरणं कुंपणावरून उडी मारून कोलार्डची पालेभाजी देठापर्यंत ओरबाडायची. रकून कचऱ्याच्या डब्याचं झाकण माणसासारखं दोन्ही हातांनी उघडायचा. एल्झीने झाकणावर वीट ठेवली. रकूनने ती ढकलली. मग दोन विटा ठेवल्या. ओसरीखाली पॉसम राहायचा. मांजराएवढा, पांढऱ्या तोंडाचा, उंदरासारख्या उघड्या शेपटीचा. तो कोंबड्यांची अंडी खायचा आणि टरफलं तिथेच टाकून जायचा.

एल्झीने उमेदीची सगळी वर्षं अलाबामात गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहिल्या होत्या. काम अंगावर घेतलं की संपवायचं, एवढं त्याला कळत होतं. हे काम संपत नव्हतं. सकाळी खड्डे बुजवायचे, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच खड्डे. एक गुडघा विटांनी खाल्ला होता, दुसरा त्याचं ओझं वाहून थकला होता.

घरात थोरली बहीण व्हर्डेल होती. मम्मा, म्हणजे त्यांची आई, कापसाच्या रानात राबायची, तेव्हा एल्झीला कडेवर घेऊन वाढवलं ते व्हर्डेलने. नवरा गेल्यावर ती या घरी आली. उन्हाळ्यापासून तिचं अन्न सुटलं होतं. समोर ताट ठेवलं की ती काटा हातात धरायची, चार घास इकडून तिकडे सारायची आणि म्हणायची, "झालं, बबा." बबा हे त्याचं लहानपणचं नाव. ते वापरणारी आता ती एकटीच उरली होती.

तिची मुलगी शार्लीन माँटगोमेरीत दवाखान्यात कामाला होती. फोनवर तिने स्पष्टच सांगितलं, "मामा, डॉक्टर म्हणतात आणखी वजन उतरलं तर आईला तुझ्याकडे ठेवायचं नाही. पुढच्या महिन्यात एका रविवारी वजनकाटा घेऊन येते. उतरलं असेल तर आईला घेऊन जाणार. मग मला बोल लावायचा नाही."

"खाईल ती," एल्झी म्हणाला.

"काय खाईल?"

उत्तर व्हर्डेलनेच दिलं. पहिलं दव गोठलं त्या सकाळी ती ओसरीवर शाल घेऊन बसली होती. पांढरं पडलेलं गवत बघत म्हणाली, "आता पॉसम खायचे दिवस. मम्मा करायची तसा. रताळ्यांबरोबर."

"खाशील?"

"तसा केलास तर खाईन."

एल्झी लगेच शेजारच्या पर्व्हिसकडे पिंजरा मागायला गेला.

"पॉसम खाणार?" पर्व्हिस हसला. "अरे, दुकानात कोंबडी मिळते. कापलेली. पिशवीत घालून देतात."

"पिंजरा देतोस की नाही?"

"देतो बाबा. पण जेवायला बोलावू नकोस."

पिंजऱ्यात आधी रकून सापडला. लांब काठीने दार उघडून त्याला सोडताना त्याने एल्झीच्या बुटाचा चावा घेतला. मग पर्व्हिसचीच मांजर सापडली, आणि तिने सगळी गल्ली डोक्यावर घेतली. शेवटी एका सकाळी पॉसम सापडला. कोपऱ्यात बसून पन्नास दात दाखवत होता.

पण पकडला म्हणजे शिजवला असं होत नाही. पॉसम काय वाट्टेल ते खातो, मेलेलं, कुजलेलं सगळं. म्हणून आधी त्याला कोंडून ठेवायचं आणि आपण खातो तेच खायला घालायचं, पोटातली घाण निघून जाईपर्यंत. मम्माची ही रीत व्हर्डेलने सोडू दिली नाही. एल्झीने जुनं लोखंडी पिंप आडवं केलं, तोंडाला फळ्या लावल्या, फळ्यांना विटांचा टेकू दिला. रोज सकाळी विटा काढायच्या, जनावराला काठीने मागे रेटायचं, ओला पेंढा उपसायचा, कोरडा घालायचा, ताकात कुस्करलेला मक्याचा पाव आत सरकवायचा, विटा परत लावायच्या. मग कठड्याला धरून ओसरीची पायरी चढायची. वाहायच्या काळात एवढ्या विटा तो बोलता बोलता उचलायचा. आता मध्ये बसावं लागे.

"पाव जळका नाही ना घातलास?" व्हर्डेल वरून विचारायची.

"तू खात नाहीस त्यातलाच आहे."

"मी पोट राखून ठेवलंय. त्याच्यासाठी."

एल्झीला ते खरं वाटलं. खरं वाटून घ्यायचं होतं. पिंपातलं जनावर गोल होत चाललं, आणि खुर्चीतल्या बहिणीची शाल रोज आणखी मोठी दिसायला लागली.

शार्लीन येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, व्हर्डेल म्हणाली, "आज."

रताळी भट्टीत घालून एल्झी परसात उतरला. बंदूक चालवायची नव्हती, मम्माने कधी चालवली नव्हती. कुदळीचा दांडा जनावराच्या मानेवर आडवा ठेवायचा, एक पाय या टोकावर, एक त्या टोकावर, आणि शेपटी धरून वर ओढायची. एका झटक्यात काम होतं. आईने त्याच्यासमोर कितीदा केलं होतं, चार पोरं भोवती घोटाळत असताना.

शेपटी धरून बाहेर काढताच पॉसमने मेल्याचं सोंग घेतलं. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ, घाण वास. एल्झीने दांडा मानेवर ठेवला. एक पाय चढवला. दुसरा उचलला आणि गुडघा आतल्या आत वळला. तो कुंपणाला धडकला. पॉसम पडल्या जागी पडून राहिला. सोंगात तो पक्का होता.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"थांब," ओसरीवरून आवाज आला. "मी येते."

"ताई, बस तिथेच."

ती उठली होती. कठडा धरून एकेक पायरी उतरली, अंगणातले खड्डे चुकवत आली आणि दांड्याच्या एका टोकाशी उभी राहिली. "तू त्या टोकावर. मी या. शेपटी तू ओढ."

"जमेल?"

"मम्माबरोबर धरलंय मी हे. तू तेव्हा पाळण्यात होतास."

ती दोन्ही पायांनी टोकावर चढली. एल्झीने आपल्या टोकावर त्यातल्या त्यात धड असलेला गुडघा टेकला, शेपटी मुठीत धरली आणि ओढली.

व्हर्डेलच्या बाजूचं टोक वर उचललं गेलं. व्हर्डेलसकट. थोडंसंच, पण तेवढं पुरलं. पॉसमने डोकं बाजूला काढलं. मूठ सुटली, एल्झी मागे जमिनीवर बसला. पॉसम उठला, अंग झटकून चालत, हो, चालतच, कुंपणाखालून झाडीत गेला.

व्हर्डेल अजून दांड्यावरच उभी होती.

"बबा, मी उभी होते ना यावर?"

"होतीस."

"दोन्ही पायांनी?"

"दोन्ही पायांनी."

तिने पायांकडे पाहिलं. मग त्याला उठवायला हात पुढे केला. एल्झीने तो धरला, जोर द्यायला गेला, आणि ती वाकायला लागली तसा सोडून दिला. पालथा होऊन, चार पायांच्या जनावरासारखा, कुंपणाच्या खांबाला धरत धरत तो उठला. वेळ लागला. व्हर्डेल सगळं बघत होती. हसली नाही.

दुपारी तिने अर्धं रताळं खाल्लं. चव घेत नव्हती, काम उरकावं तसं एकेक घास चावून गिळत होती. एल्झी समोर बसून राहिला.

रविवारी प्रार्थना आटपून शार्लीन आली. व्हर्डेल चर्चची टोपी घालून ओसरीवर बसलेली होती, पायाशी पेटी. शार्लीन गाडीतून वजनकाटा काढायला लागली.

"राहू दे ते आतच," व्हर्डेल म्हणाली. "वजन झालंय."

"कधी?"

"काल. परसात."

"कुणी केलं?"

एल्झी बुटांकडे बघत राहिला.

"पॉसमने," व्हर्डेल म्हणाली. "मी येते तुझ्याकडे."

"ताई," एल्झी पुढे झाला, "मी सांभाळतो की. हळूहळू खायला लागशील. काल अर्धं रताळं खाल्लंस."

"खाल्लं. तिथेही खाईन. मी इथे राहिले तर एक दिवस तू मला धरायला जाशील आणि दोघं आडवे होऊ. मग उचलायला कोण, पर्व्हिसची मांजर?"

"मला जड नाहीस तू."

"तेच तर दुखणं आहे. मी नाही, तुझंच अंग तुला जड झालंय, बबा. काल पाहिलं मी. एवढी वर्षं ओझी वाहिलीस, एकदा तरी तोंडाने म्हण. दमलो म्हण."

शार्लीन गाडीचं दार धरून उभी होती. एल्झीने एकदा कोलार्डच्या वाफ्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे.

"दमलो," तो म्हणाला.

व्हर्डेलने मान हलवली. शार्लीनने पेटी उचलली. ती घ्यायला एल्झीने हात पुढे केला नाही.