कॉव्हेंट्रीच्या पाटीवरचं एक वाक्य

एनिड प्रॅटचं आणि तिच्या मेव्हण्याचं कधीच पटलं नाही. बहीण डॉरीन होती तोवर दोघं तिच्याखातर तोंड आवळून बसायची. एकोणीसशे चाळीसच्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी आमचं हे इंग्लंडमधलं शहर, कॉव्हेंट्री, भाजून काढलं, त्यात डॉरीन गेली आणि तेवढीही भीड उरली नाही. सिरिल कारखान्यात पाळीवर होता, म्हणून वाचला. त्यांची लहानगी लेक पॅट मावशीबरोबर तळघरात होती, म्हणून वाचली. पुढे तिला एनिडनंच वाढवलं. सिरिल रविवारी यायचा, लेकीला फिरायला न्यायचा, मेव्हणीकडे ढुंकून बघायचा नाही. मी एनिडच्या भिंतीला भिंत लावून राहत आलेय, त्यामुळे त्यांची भांडणं मला पाठ आहेत.

सत्तरच्या दशकात गावात एक गोष्ट पसरली. म्हणे, तेव्हाचे पंतप्रधान चर्चिल यांना हल्ल्याची आधीच खबर होती. पण शत्रूची गुप्त लिपी आपण फोडलीय हे त्याला कळू नये म्हणून त्यांनी कॉव्हेंट्री जळू दिलं. सिरिलनं ती गोष्ट अशी धरली की सोडेचना. पबमध्ये, न्हाव्याकडे, बसच्या रांगेत त्याचं एकच पालुपद. "माझ्या बायकोला जर्मनांनी नाही मारलं. आपल्याच माणसानं बळी दिला तिचा!"

आमची सगळी गल्ली मान डोलवायची. एनिड तेवढी फाडकन बोलायची, "काहीही बरळू नकोस. मोठा हल्ला होणार हे कळलं होतं, कुठे ते कळलं नव्हतं. त्यांना वाटलं लंडनवर. म्हणून तर बाहेरगावी निघालेले चर्चिल त्या संध्याकाळी गाडी वळवून लंडनला परतले. सरकारचे गुप्त कागद खुले झालेत, पेपरात आलंय सगळं."

"पेपर कोणाचे? त्यांचेच!"

लोक तिला सरकारचा पोपट म्हणायला लागले. तिच्या दारातली दुधाची बाटली फुटलेली सापडायची. मी काचा गोळा करायला गेले तर माझ्यावरच खेकसली, "राहू दे! कोणी केलंय ते येऊ दे उचलायला."

मग गल्लीच्या तोंडाशी मेलेल्यांच्या नावांची पाटी लावायचं ठरलं. चर्चच्या हॉलमध्ये बैठक भरली. सिरिल म्हणाला, नावांखाली लिहा, 'यांना जाणूनबुजून मरू दिलं.' टाळ्या पडल्या. त्यात पॅटच्याही होत्या.

एनिड उठली. "माझ्या बहिणीच्या नावाखाली खोटं लिहाल तर मी हातोडा घेऊन येईन."

"तुला काय गं तिचं?" सिरिल ओरडला. "तू बरी लपलीस तळघरात!"

एनिड पांढरी पडली. मग अगदी हळू बोलली, पण हॉलमध्ये प्रत्येकाला ऐकू गेलं.

"हल्ल्याचा भोंगा वाजल्याबरोबर मी तिला न्यायला आले होते, सिरिल. ती दारातच उभी होती. मला म्हणाली, 'पॅटला ने. हे कामावर जाताना बजावून गेलेत, की उगाच त्या ओल्या तळघरात कुडकुडत बसू नकोस, रोजचीच बोंब आहे. मी नाही येत.' लंडनहून कोणी काय सांगितलं असतं ते देव जाणे. तू काय सांगितलंस ते मी ऐकलंय."

सिरिल खुर्चीवर बसला तो बैठक मोडेपर्यंत उठला नाही.

ते वाक्य गळलं. पाटीवर फक्त नावं आणि तारीख आली. पण एनिड जिंकली असं कोणी म्हणेना. आता तर बायका तिला बघून रस्ता ओलांडायच्या. पॅट त्याच संध्याकाळी आली. दारातूनच म्हणाली, "एवढी वर्षं पोटात ठेवलंस ना? मग आणखी थोडी ठेवता आलं नाही? म्हातारा आहे तो!"

"त्यानं मला तळघरावरून टोमणा मारला."

"म्हणून तू त्याला सगळ्यांसमोर मारलंस."

"मी खोटं बोलले का, पॅट?"

"नाही ना! तेच तर," पॅट म्हणाली आणि दार आपटून गेली.

सिरिलनं पबमध्ये जाणं सोडलं. दोन हिवाळ्यांनी तो गेला. एनिड अंत्यविधीला निघाली, काळा कोट घालून फाटकापर्यंत आली. पॅटनं गाडीची काच खाली केली. "मावशी, येऊ नकोस."

एनिड घरात परतली. मी चहा घेऊन गेले तर कोट न काढताच बसली होती. "अजूनही कोणी ती भाकडकथा सांगितली, तर मी खोटीच म्हणेन," ती म्हणाली. मी कप पुढे केला. तिनं तो घेतला नाही.