घोड्याच्या चौकटीतला मोर

रत्नागिरीत साहेबाची बदली झाली की बंगल्यावर जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा, आणि लिलावाहून आमचे वडील हात हलवत परत आले असं कधी घडलं नाही. कधी तीन पायांचं टेबल, कधी बिनझाकणाची किटली. एकदा त्यांनी घोड्याचं चित्र आणलं, दारापेक्षा जरासंच लहान. आई म्हणाली, "हा माझ्या घरात नको." घोडा माळ्यावर गेला, पण त्याच्या नक्षीदार चौकटीत वडिलांचा जीव अडकला. ती रिकामी कशी ठेवायची, म्हणून तिच्यात बसेल असा मण्यांचा मोर करायचं ठरलं. लोक चित्राला चौकट करतात, आमच्याकडे चौकटीला चित्र झालं.

मोर मी केला. थोरली बहीण दिसायला गोरीपान, गळाही गोड, पण सुईत दोरा ओवायला बसली की दिवेलागण व्हायची. मला त्या कामाचा नाद होता. शाळेतून आले की पडवीत बसून मणी ओवायची, पिसाऱ्याच्या बारीक मण्यांनी डोळे चुरचुरायचे. मोर पुरा झाला त्या दिवशी मी इतकी खूश होते की जेवण गेलं नाही.

थोड्याच दिवसांत थोरलीला बघायला खेडची मंडळी आली. तेव्हा मुलगी दाखवायची तर भिंतीवर तिच्या हातचं काहीतरी टांगलेलं लागायचंच. मुलाच्या आईने मोराकडे बघत विचारलं, "हा कुणी केला?"

"आमच्या थोरलीने," आई म्हणाली आणि पोह्यांवर खोबरं घालत राहिली.

थोरलीने लाजून मान खाली घातली. ती खरोखरच लाजली होती, याचं मला आजही कौतुक वाटतं. लग्न झालं आणि सासूबाईंच्या हौसेखातर मोरही मोटारीच्या टपावर बसून खेडला गेला. मी हमसून रडले. बहिणीवर केवढी माया, असं सगळे म्हणाले.

मग माझी पाळी आली. भिंत रिकामी. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "खेडला तुमच्या थोरलीचा मोर पाहिलाय मी. हिला येतं का तसलं काही?"

मी आईकडे पाहिलं. एकदा, फक्त एकदा तिने खरं सांगावं असं मला फार वाटलं. पण खरं सांगितलं तर थोरली सासरी खोटी पडणार.

"हिचा हात तसा नाही हो," आई म्हणाली, "पण शिकेल की थोरलीकडून."

त्यांना ते इतकं पटलं की लग्नाआधी मला शिकायला खेडला धाडण्यात आलं. वाटलं, आम्ही दोघीच असताना तरी थोरली ओशाळेल, माझा हात धरेल. पण सासरी मोराचं इतकं कौतुक झालं होतं की तो आपणच केला यावर तिचाही आता विश्वास बसला होता.

दुपारी माजघरात मण्यांचा डबा उघडून ती माझ्यासमोर बसली. शेजारी तिच्या सासूबाई वाती वळत होत्या. मी दोरा ओवला, पहिली ओळ घातली, गाठ मारली. थोरलीने ती उलटसुलट करून पाहिली.

"जमेल हो तुला," ती सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पण माझ्यासारखं यायला वेळ लागेल गो."

मी म्हटलं, "हो, ताई."