दार झाकलेल्या दिवशी

यंदा आमचा नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, आला तेव्हा देवाकडे काही मागायचंच मी सोडून दिलं होतं. उन्हाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. अख्ख्या दर्पण कॉलनीला आपल्या गप्पांनी वेठीला धरणारा माणूस नुसता छताकडे बघत पडून राहायचा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू. कापडगिरणीतल्या नोकरीपायी माझे सासरे ग्वाल्हेरला आले. तेव्हा इथे आमची चार-दोन घरं होती, आता आम्ही दोघंच उरलो. मुलगा इस्राएलला अश्दोदमध्ये असतो. तो रोज फोन करायचा आणि मी रोज "ठीक आहे" म्हणायचे.

नव्या वर्षी शोफार वाजवतात. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग, झोपलेल्या मनाला जागं करायला फुंकायचं. इथे सिनेगॉग नाही, त्यामुळे आमच्या घरी ते हेच फुंकत, गाल फुगवून, लालबुंद होऊन. मी हसले की डोळे वटारत. यंदा ते शिंग कपाटात फडक्यात गुंडाळलेलंच राहिलं. सफरचंदाची फोड मधात बुडवून, वर्ष गोड जावो म्हणत आम्ही एकमेकांना भरवतो. यांना घास गिळवत नव्हता, म्हणून मी बोटाने त्यांच्या ओठांना मध लावला. तो तसाच हनुवटीवर ओघळला. त्या दिवशी देव पुस्तक उघडतो, येत्या वर्षात कोण जगणार नि कोण जाणार ते लिहितो आणि दहाव्या दिवशी, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या सणाला, त्यावर मोहोर उमटवतो, असं आम्ही मानतो. मी मध पुसत होते आणि यांचं नाव कुठल्या पानावर पडलं असेल, याखेरीज डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

दुपारनंतर वाहत्या पाण्याकाठी जाऊन पापं झटकून टाकायची रीत आहे. आमच्या वाट्याला फूलबागेजवळची स्वर्णरेखा. नाव सोन्याचं आणि पाणी नाल्याचं! "आपली पापं तिथे आधीच पोचलीत, आपण फक्त भेटायला जायचं," असं हे दर वर्षी म्हणत. यंदा मी एकटीच गेले. प्रार्थना म्हटली, पदर झटकला. पाणी जागचं हलत नव्हतं. माझी पापंसुद्धा वाहून जायला तयार नाहीत, असं वाटलं आणि मी तिथेच कठड्याला धरून रडले.

योम किप्पूरला माझ्या सासूबाई दार झाकण्याचा सण म्हणत. आदल्या संध्याकाळी न्हाऊन, पांढरं नेसून दाराला कडी घालायची, ती दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावरच काढायची. अन्न नाही, पाणी नाही आणि बाहेरच्या कुणाशी शब्द नाही. इतकं कडक आता कुणी पाळत नाही, आम्हीही कधीचं सोडलं होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. सासूबाईंनी पाळला तसाच सण पाळला तर देव यांना ठेवेल, असं माझ्या मनाने घेतलं. मुलगा फोनवर कळवळून म्हणाला, "आई, जीव वाचवायला सगळे नियम मोडायचे असतात, हाही नियमच आहे ना?" मी त्याचंही ऐकलं नाही. फोन बंद केला आणि कडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे शांत होते. मग छातीत घरघर सुरू झाली. मी त्यांना टेकून बसवलं, पाठ चोळली, पण घरघर वाढतच गेली, ओठ काळसर दिसायला लागले. मी एलियाहू हनाबींचा धावा केला. संकटात धावून येणाऱ्या या प्रेषितावर आम्हा लोकांचा फार जीव. मुलाच्या सुंतेच्या वेळी आम्ही त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी मांडून ठेवतो. पण त्या दिवशी कुणी येईल कसं? कडी तर मीच घातली होती. उघडावी तर नवस मोडतो आणि न उघडावी तर माणूस जातो. उन्हं उतरली. स्वर्गाची दारं मिटतात ती शेवटच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि प्रार्थनेच्या पुस्तकातला एक शब्द मला दिसेना. यांचा डावा हात चादरीवरून सरकला. माझ्या मनगटाला धरून त्यांनी ते दाराच्या दिशेने ढकललं, जेमतेम. मी उठले आणि कडी काढली.

बाहेर, अगदी उंबऱ्यासमोर, प्लास्टिकच्या खुर्चीत शेजारचे इंगळे भावजी बसले होते. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आलेले, आणि स्वतः भावजी म्हणजे यांचे बुद्धिबळातले जन्माचे वैरी. हातात गाडीची किल्ली होती.

"वहिनी, मी सकाळपासून इथेच बसून राहिलोय," ते उठत म्हणाले. "भाऊंनी पूर्वीच सांगून ठेवलेलं, या सणाला ठोठावायचं नाही. बसायचं नाही, असं थोडीच बोलले होते? चला, जल्दी करा."

त्यांनी यांना लहान लेकरासारखं उचललं. फूलबागेच्या वळणावर गाड्यांची ही गर्दी! भावजींनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. योम किप्पूर संपताना शोफारचा एकच लांबलचक स्वर फुंकतात. यंदा मला तेवढाच ऐकू आला. माझ्या हातातली यांची बोटं घट्ट झाली. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

न्यूमोनिया निघाला. हे वाचले, घरी आले. बरे झाले असं म्हणवत नाही. वाचा नाही, आणि पुढची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. अजूनही कधी कधी सकाळी उठावंसं वाटत नाही. एलियाहू आले की नाही ते मला ठाऊक नाही. देवाचे उपकार मानते ते एवढ्याचसाठी, की माझ्या हट्टाची कडी आतून लागलेली असताना त्याने बाहेर माणूस बसवून ठेवला होता. शरण जाणं म्हणजे कडी घट्ट लावणं, असं मी समजत होते. त्या दिवशी ती काढणं म्हणजे शरण जाणं होतं.

पुढच्या सणाला या घरात आम्ही दोघं असू की मी एकटी, ते त्या पुस्तकात लिहून झालंय. दार मी झाकीन, सासूबाईंची रीत आहे ती. कडी घालणार नाही. आणि झाकण्याआधी बाहेर एक खुर्ची ठेवीन, जरा बऱ्यातली. भावजींची पाठ दुखते.