वडावरची गाठोडी

"दुधाला उकळी आणता का?"

दारात पाय ठेवायच्या आधी तिचा हा सवाल. राम राम नाही, पाणी मागणं नाही. डोक्यावर हेल्मेट तसंच, खांद्याला बर्फाचा डबा, आणि उकळी. म्हणून आमच्या गावात तिचं नाव उकळीबाई पडलं. तुमच्याही गावात अशी एखादी येऊन गेली असेल. आल्यावर माणसं तिला टाळतात आणि गेल्यावर तिच्या गोष्टी सांगतात.

ती जनावरांची डॉक्टरीण. उदगीरहून स्कुटीवर यायची. गाईपासून माणसाला एक ताप येतो, तो कोणत्या वाटेनं येतो हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी आधी गाईचं रक्त घ्यायची, मग घरातल्या माणसांचं, आणि नळ्या त्या डब्यात ठेवायची. आम्ही देवणी भागातली माणसं. इथली देवणी गाय म्हणजे आमचा दिमाख. तिच्यात रोग आहे म्हणणारी बाई कुणाला आवडेल? पाहुण्याला धारोष्ण दूध द्यायची आमची रीत. एका घरानं मानानं तांब्या पुढं केला तर ही म्हणाली, "उकळून द्या, पिते." त्या घरची म्हातारी तिच्याशी परत बोलली नाही.

डॉक्टरणीचं माहेर धर्माबादचं, घरी तेलुगू. गाय सुई बघून बिथरली की तिच्या कानाशी जाऊन म्हणायची, "आगम्मा, आगम्मा." म्हणजे थांब गं बाई. आणि गाय थांबायची. मी म्हणालो, "आपल्या गाया तेलुगू कवा शिकल्या?"

कौसा म्हणाली, "मराठीत सांगून तुमी तरी कुठं थांबता?"

कौसा म्हणजे माझी बायको.

तिला ताप यायचा. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं लुगडं भिजायचं, कंबर धरायची. गावातल्या डॉक्टरनं सुया दिल्या, सलाईन लावलं. थोडे दिवस बरं, परत तेच. आधी मलेरिया म्हणाला, मग टायफॉईड म्हणाला, शेवटी वय झालं म्हणाला. त्याच सुमारास आमची गाय गाभडली. वासरू दिवस भरायच्या आत मेलेलं पडलं. उकळीबाई गाईचं रक्त घ्यायला आली आणि कौसाकडं बघत राहिली.

"मामी, हात द्या."

गाईच्या रक्तात रोग निघाला. कौसाच्या रक्तातही तोच निघाला.

मग ती चुलीपुढं येऊन बसली. "मामी, खरं सांगा. कच्चं दूध पिलात ना?"

"माय, मला दुधाचा वासच सोसत न्हाई. चहापुरतं घेते, तेबी उकळून उकळून."

"साय? लोणी?"

"न्हाई गं."

बाईचा दुधाचा अंदाज फसला. तिचं तोंड इतकं उतरलं की कौसालाच दया आली. "उपाशी हायेस का? भाकर खा आधी."

भाकरी खाता खाता तिनं सहज विचारलं, "मेलेलं वासरू ओढलं कुणी?"

"मी."

"आणि वार?" वार म्हणजे वासरामागून पडते ती.

"वडाला बांधली की."

तिचा घास हातातच राहिला. ही रीत तिच्या पुस्तकात नव्हती. वडाला चीक सुटतो तसं गाईला दूध सुटावं, म्हणून आमच्याकडं वार फडक्यात बांधून वडाच्या फांदीला टांगतात. गाभडलेल्या गाईची तर हटकून टांगतात, पुढच्या वेताला दूध यावं म्हणून.

कौसा तिला शिवेवरच्या वडापाशी घेऊन गेली. मीही मागं गेलो. फांद्यांना गाठोडी लोंबत होती. काही वाळलेली, काहींवर माशा. बाई खाली उभी राहून वर बघत होती.

"मामी, मी नुसती दुधाच्या मागं फिरले. दुधातून रोग येतो हे खरं हाय. पण गाभडल्या गाईच्या वारेत तो खच्चून भरलेला असतो. हाताला भेगा असल्या की तिथून आत जातो."

कौसानं आपले हात बघितले. जन्मभर शेण काढलेले हात. भेगा सोडून त्यात दुसरं काय असणार?

दीड महिना गोळ्या होत्या. ताप उतरला आणि कौसानं गोळ्या सोडल्या. "बरी झाले, आता कशाला पोट जाळू?" उकळीबाई आली आणि समोर बसून गोळी गिळायला लावली. "मामी, ताप झोपलाय, गेला न्हाई." पुढं ती बराच लांबचा फेरा घालून यायची, नुसत्या गोळीसाठी. कौसा तिला सासूबाई म्हणायची आणि गोळी घ्यायची. पण रोग तोवर काळजाच्या झडपेवर जाऊन बसला होता. लातूरच्या दवाखान्यात कौसा गेली. त्यापुढं मला लिहिता येत नाही.

तेराव्याला उकळीबाई आली. डबा आणला नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, आज सगळ्या बाया जमल्यात. मला वारेचं सांगायचंय. मामींचं नाव घेणार न्हाई, रोग्याचं नाव सांगायचं नसतं."

माझा पोरगा भडकला. "बाई, आजच्या दिवशी हे कशाला?"

रागानं माझंही डोकं भणभणलं. पण मी म्हणालो, "नाव न घेता सांगशील तर ऐकतंय कोण? इतके दिवस उकळी उकळी केलीस, ऐकलं कुणी? कौसाचं नाव घेऊन सांग."

तिनं सांगितलं. उभ्यानं, साध्या बोलीत: वार उघड्या हातानं धरू नका, वडाला टांगू नका, चुना टाकून खोल पुरा. तोंडाला पदर लावून बाया ऐकत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी तिच्या हातानंच ती गेली म्हनतीस?"

"न्हाई आजी. हे समदीच करतात. मामीच सापडल्या."

मग ती पंगतीला बसली, पण भात नुसता कालवत राहिली. मीच म्हणालो, "खा. कौसा रागावली असती."

तिचं काम संपलं, तिला दुसरीकडं कुठं तरी पाठवलं. फोन लावला तर नंबर बंद. वड रिकामा झाला असं सांगून खोटं कशाला बोलू? गाठोडी अजून आहेत, पण कमी.

परवा शेजारची सून आली. "मामा, पहार द्या. गाय व्यालीय, वार पुरायचीय."

"वडाला न्हाई बांधत?"

"कौसामामीचं ऐकलंय ना."

पहार दिली. हाताला बांधायला पिशव्या दिल्या. ती अंगणाबाहेर गेल्यावर वाटलं, ही पोरगी गुडघ्याएवढाच खड्डा घेणार आणि कुत्री उकरून काढणार. कमरेएवढा लागतो. चुन्याची पिशवी उचलली आणि तिच्या मागं निघालो.