वेल्डरचा चौथा भाग

माझे दीर गोकुळभाऊजी आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी बसलेले असतात. गारखेड्यात आमच्या गल्लीत कुणाचा पंखा, मिक्सर बंद पडला की माणसं तो खिडकीतूनच आत देतात आणि दुरुस्त झाला की खिडकीतूनच घेऊन जातात. चाकाची खुर्ची, मांडीवर आडवी फळी, फळीवर काम. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. वायर जोडताना कथलाचा गरम थेंब मांडीवर पडला तरी कळत नाही. पँट जळल्याचा वास मला स्वयंपाकघरात येतो, मग मी धावते.

ते पडले लासूर स्टेशनला, त्यांच्या सासऱ्यांच्या दारात. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांच्या शेडचे पत्रे ढिले झाले होते. सासरे नानासाहेब म्हणाले, गड्याला बोलावतो. भाऊजी म्हणाले, "गडी कशाला मामा, मी हाय ना." चढले आणि पत्र्यासकट खाली आले. घाटीच्या सरकारी दवाखान्यात किती दिवस काढले त्याचा हिशोब मी ठेवला नाही. मोनिका, त्यांची बायको, रात्रंदिवस उशाशी होती. शेवटी डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "पाय परत येणार नाहीत. हातांवर जगायला शिकवा." ह्यांनी ते घरी येऊन सगळ्यांना तसंच सांगितलं. भाऊजींनी ऐकलं आणि महिन्याभरानं पहिला पंखा उघडला.

नानासाहेबांना मात्र ते ऐकवेना. माणूस वाईट नाही हो. जावई आपल्या दारात पडला, हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी गावच्या देवीपुढं डोकं टेकवून नवस बोलला. जावई स्वतःच्या पायानं माझ्या दारात येईल आणि लेकीला घेऊन जाईल, तेव्हा देवीला साडीचोळी करीन. तोवर लेक नांदायला पाठवणार नाही. मोनिका तेव्हा चार दिवस विसाव्याला म्हणून माहेरी गेली होती. ती तिथंच राहिली.

देवाधर्माचं मीही करते. पण नवसात आपलं काहीतरी बोलावं, दुसऱ्याचा संसार बोलू नये, असं माझी आई सांगायची. हे नानासाहेबांना कोण सांगणार? आणि नवस एकदा बोलला की बोलला.

भाऊजींचा एक नाद मात्र पडण्याआधीचाच होता, पिक्चरचा. त्यातही एकच, वेल्डर. बाहेरच्या देशातला, हिंदीत बोलणारा. बंदरावर वेल्डिंग करणारा साधा माणूस, तो स्वतःच्या हातानं लोखंडाचा पोशाख करतो आणि गुंडांशी लढतो. अंगात शक्तीबिक्ती काही नाही. त्याचे तीन भाग आले होते. दर रविवारी दुपारी दोन मित्र यायचे. एक सत्यम, त्रिमूर्ती चौकात मोबाइलच्या दुकानात असतो. दुसरा सम्यक, तो पोरांचे गणिताचे क्लास घेतो. तिघंही एकाच शाळेतले. चहाचं पातेलं चढलं की यांची भांडणं चढायची.

"आठव्या मजल्यावरनं दोरीला लटकला," सम्यक म्हणायचा, "खांदा निखळंल का नाय? तूच सांग."

"अबे, सूट हाय ना अंगात!" सत्यम.

"सूट लोखंडाचा. खांदा हाडाचाच हाय ना?"

"तू पिक्चर बघायला जातो का पेपर तपासायला?"

मग भाऊजी निकाल द्यायचे. "म्हणून तर वेल्डर बघायचा. दुसऱ्यातला हिरो भिंतीतनं आरपार जातो अन् केस विस्कटत नाय. ह्याला लागलं की दुसऱ्या दिवशी हात वर होत नाय. खोटं नाय दाखवत हे लोक."

एकदा मी चहा देताना म्हटलं, "तुमच्या वेल्डरला म्हणावं, आधी आमच्या नळाला रोज पाणी आणून दाखव."

सत्यम हात जोडून म्हणाला, "वहिनी, तेवढी पॉवर कुठल्याच हिरोत नाय."

असं हसतखेळत चालायचं. पण तिसऱ्या भागाच्या शेवटी वेल्डर क्रेनवरून पडला होता. पाठ मोडली होती. पाण्यात पडून राहिला आणि पिक्चर संपला. चौथा यायला फार वेळ लागला. तेवढ्या काळात हे भाऊजी स्वतः पडले, घाटीतून घरी आले, खिडकीशी बसले. आणि रविवारचा वाद एकाच गोष्टीवर आला. चौथ्यात काय होणार?

"उठणार. अजून काय?" सत्यमचं ठरलेलं.

"कसा उठंल?" भाऊजी म्हणायचे. "मणका मोडलाय त्याचा. ह्या पिक्चरमध्ये मोडलेलं मोडलेलंच असतंय. दुसऱ्या भागात बोट तुटलं, तिसऱ्यात चारच बोटं होती का नाय? तो खुर्चीत बसणार. खुर्चीलाच वेल्डिंग करणार. बसून लढणार."

"बसलेला हिरो कोण बघंल रे, तिकीट काढून?"

बोलून गेला आणि सत्यमनं जीभ चावली. सम्यक खाली बघायला लागला. भाऊजी मात्र मोठ्यानं हसले. "मला तर तू दर रविवारी फुकटात बघतो."

मला आधी हे पोरखेळच वाटायचे. मग एकदा भाजी निवडताना त्यांचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. पलीकडं मोनिका होती. वडलांना ती दादा म्हणते. "चौथा भाग तू माझ्यासंगं बघ," ते सांगत होते. "एक दिवस ये. पिक्चर बघ, मग दादांशी काय बोलायचं ते बोल. मी काय सांगत नाय तुला. बघ फक्त."

तेव्हा मला उलगडलं. माझे पाय येणार नाहीत, मी असाच आहे, तुला असाच चालत असेन तर ये, हे त्यांना स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नव्हतं. म्हटलं तर भीक मागितल्यासारखं झालं असतं. ते वेल्डरनं सांगावं, अशी त्यांची इच्छा होती. मोठ्या पडद्यावर, शंभर माणसांत.

मीही मग मोनिकाला फोन केला. म्हटलं, "नवस सोडवून घेता येतो गं. देवीपुढं नारळ ठेवायचा, चुकलं म्हणायचं, ओटी भरायची. देवी काय मारकुटी नसते."

"व्हय ताई," ती म्हणाली. "मलाबी इथं करमत नाय. ह्या वेळी दादांशी बोलतेच."

त्या रात्री मी देवापुढं दिवा जरा जास्त वेळ ठेवला.

पिक्चरच्या दिवशी मोनिका सकाळच्या गाडीनं आली. धपाट्यांचा डबा आणला होता. तिनं भाऊजींचा भांग पाडला, शर्टाची बटणं लावली. बटणं त्यांना लावता येतात, पण त्यांनी लावू दिली. मग भाऊजी, मोनिका, सत्यम, सम्यक आणि मी, असे आम्ही पाच जण मॉलमधल्या थिएटरात गेलो. खुर्ची पायऱ्यांवर चढेना. पोरांनी त्यांना उचलून मधल्या रांगेत, मोनिकाशेजारी बसवलं.

पहिला अर्धा भाग भाऊजी म्हणत होते तसाच निघाला. वेल्डर खुर्चीत. अंगाला जखमा, दाढी वाढलेली. खुर्चीला हत्यारं जोडतो, बसूनच दोन गुंडांना लोळवतो. भाऊजी ताठ बसले होते. मोनिकाला कोपरानं डिवचत होते. "बघ. बघ ना." तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता, तो काढला नाही.

मध्यंतरात त्यांनी मागं वळून सत्यमला टोमणा मारला. "काय रे, बसलेला हिरो बघतायत ना लोक?"

"थांब. अजून अर्धा बाकी हाय."

मोनिका माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, आज रात्रीच बोलते दादांशी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मनात म्हटलं, मारुतीराया, पावलास.

दुसऱ्या अर्ध्यात वेल्डरला तुरुंगात टाकलं आणि बाहेर त्याचं शहर जळायला लागलं. तुरुंगातला एक म्हातारा त्याला म्हणाला, तुझी पाठ मोडली नाही, तुझं मन मोडलंय. एवढंच. वेल्डरनं लोखंडी पाइप धरला, ओरडला, ढोल वाजायला लागले. वाजतच राहिले. तो उठला.

अख्खं थिएटर उठलं. शिट्ट्या, टाळ्या. आमच्या पुढची रांग उभी राहिली, मागची राहिली. सत्यमही उठून शिट्टी मारायला लागला होता, मग त्याचं लक्ष गेलं तसा खाली बसला. भाऊजींच्या पुढं नुसत्या पाठी होत्या. वेल्डर उठला तो त्यांना दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. शेजारी मोनिका उभी होती. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खाली गाडीपाशी आल्यावर ती त्यांच्या खुर्चीसमोर बसली. तिचं तोंड असं उजळलं होतं, लग्नातसुद्धा मी तसं बघितलं नव्हतं.

"अहो, बघितलं ना? तोबी असाच पडला होता. त्यालाबी डॉक्टर नाय म्हणले होते." तिनं त्यांचे हात हातात घेतले. "तुम्हीबी मनावर घ्या ना."

"वहिनी, तसं नसतं हो," सम्यक म्हणाला. "मणक्याचं म्हणजे—"

भाऊजींनी त्याचं मनगट धरलं.

मी मोनिकाला बाजूला घेतलं. म्हटलं, "दादांशी बोलणार होतीस ना?"

"आता नको ताई. आज मला पटलं, दादांचा नवस खरा होणार. मधीच सोडवून घेतला तर देवी म्हणंल, ह्यांचाच विश्वास नव्हता."

विश्वास नको ठेवू, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? नारळाचं परत एकदा बोलून बघितलं. ती हसली, माझ्या पाया पडली. निघताना तिनं भाऊजींच्या गुडघ्यावर हात ठेवला, बराच वेळ. त्यांना तो कळला नाही. ते तिच्या तोंडाकडं बघत होते. संध्याकाळच्या गाडीनं ती लासूरला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मोनिकानं वेल्डर उठतो तेवढाच तुकडा पाठवला होता, खाली लिहिलं होतं, तुम्हीपण. तेव्हापासून रोज सकाळी येतो. भाऊजी तो उघडत नाहीत, पण तिला हात जोडल्याची खूण पाठवतात. नानासाहेबांचाही फोन आला. ते मोठ्यानं बोलतात, मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "गोकुळराव, पोरगी सांगत होती पिक्चरचं. जिद्द पाहिजे. जिद्द!"

"व्हय मामा."

"मी देवीला रोज सांगतो."

"व्हय मामा," परत तेवढंच.

फोन ठेवला आणि फळीवरचा पंखा तसाच उघडा ठेवून ते बसून राहिले. काम काही सुटलं नाही. पण आधी खिडकीतल्या माणसाशी बोलायचे, बिघाड कशानं झाला ते दाखवायचे. आता वस्तू घेतात, वस्तू देतात.

शनिवारी मी खुलताबादला भद्रा मारुतीला गेले. तिथला मारुती झोपलेला आहे, आडवा. मागं एकदा प्रसाद दिला तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, तुमचा देव आडवा पडलाय तरी रांगा लागतात. त्याला कुणी म्हणतं का, ऊठ म्हणून?" तेव्हा मी त्यांना रागावले होते. या वेळी रांगेत ते आठवलं. गाभाऱ्यात गेले तर काय मागावं सुचेना. पाय द्या म्हणावं, तर डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत. मोनिकाचं मन वळव म्हणावं, तर तिचं मन देवाच्याच भरवशावर बसलेलं. मागून बाई म्हणाली, "चला हो पुढं." मी नारळ वाहिला आणि पुढं सरकले.

परवा रविवारी पोरं आली. सत्यम आल्या आल्या म्हणाला, "पाचवा येतोय. अन् ऐक, पाचव्यात वेल्डर उडणार म्हणतायत."

"उडणार?" सम्यक जागच्या जागी उसळला. "वेल्डर? कशाच्या जोरावर? दोनशे किलोचा सूट, अन् उडणार?"

दोघंही भाऊजींकडं बघायला लागले. मला कळलं, सत्यमनं मुद्दाम काढलं होतं. हे चिडतील, भांडतील, पहिल्यासारखं होईल म्हणून. मीही चहा हातात घेऊन दारात थांबले.

भाऊजी एका मिक्सरचा स्क्रू काढत होते. तो काढून त्यांनी वाटीत टाकला.

"उडू द्या की," ते म्हणाले.

"अरे पण गोक्या, तूच म्हणायचास ना, खोटं नाय दाखवत—"

"उडू द्या रे. लोकांना आवडतं."

मी चहा दिला. पोरांनी तो प्यायला, उन्हाचं बोलले, पाण्याच्या टँकरचं बोलले आणि लवकर उठले. जाताना सत्यमनं भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊजी म्हणाले, "ये पुढच्या रविवारी," आणि वायर जोडायला परत मिक्सरवर वाकले.

मी कप उचलत होते तेवढ्यात मला वास आला. मांडीवरचा कापडाचा भाग काळा पडला होता. मी पाणी आणायला धावले. ते म्हणाले, "राहू द्या वहिनी. कुठं कळतंय."